खाडीतलं बेणं

चितेगावच्या माझ्या गोदामातून तो वास आता जवळजवळ गेला आहे. सहा वर्षं तो तिथं मुक्कामाला होता. शटर वर केलं की मिठाचा, ओल्या दोराचा, थोडा माशाचा आणि थोडा पावसात भिजलेल्या गंजीचा असा वास अंगावर यायचा. शेजारच्या प्लॉटवाल्यानं दोनदा तक्रार केली आणि दोन्ही वेळा मी त्याच्याशी कडाडून भांडलो. आता पोती नाहीत, वास नाही आणि तक्रारही नाही. सकाळी शटर उघडल्यावर मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. म्हणून हा प्रवास लिहून काढतो आहे. आमच्या पैठण रस्त्यावरच्या ज्या लोकांनी समुद्र फक्त सहलीत पाहिला आहे, त्यांच्यासाठी.

आधी धंदा सांगतो, म्हणजे बाकीचं कळेल. कोकणात खाडीच्या पाण्यात तांबडं शेवाळ पिकवतात. बांबूचे चौकोनी तराफे करायचे, त्यांवर दोर ताणायचे, दोरांना शेवाळाचे मूठ-मूठभर तुकडे बांधायचे आणि तराफा पाण्यात सोडायचा. दीड महिन्यात तुकड्याचा झुपका होतो. तो काढून वाळवला की पोत्यात भरायचा. मी ती पोती आणतो, शेवाळ भिजवून उकळतो, गाळतो आणि निघालेला तपकिरी अर्क कॅनमध्ये भरून विकतो. अद्रक, डाळिंब, मोसंबी, कशावरही फवारला की पीक तरारून येतं. सुरुवातीला मोपेडला दोन्ही अंगांना कॅन बांधून मी गंगापूरपासून पैठणपर्यंतची खेडी पालथी घातली. कोणाचा हात धरून वर आलो नाही. त्यामुळं माझं नाव खराब झालेलं मला सहन होत नाही.

आणि गेल्या हंगामात ते झालं. कोकणातून शेवटच्या दोन खेपांना आलेला माल केसासारखा बारीक, पांढुरका आणि रेतीनं भरलेला होता. अर्क पातळ निघाला. जायकवाडीच्या पट्ट्यातल्या मोसंबीवाल्यांनी कॅन परत आणून माझ्या दारात ठेवले. त्यांच्या हातापाया पडून मी त्यांना थांबवलं आणि शब्द दिला, की यंदा मोसंबीच्या आंबे बहाराच्या, म्हणजे जानेवारीतल्या फुलोऱ्याच्या फवारणीला पहिल्यासारखा अर्क देईन, नाहीतर त्या रस्त्यानं तोंड दाखवणार नाही. त्या शब्दासाठी मला दोन टन चांगलं शेवाळ हवं होतं. ते देणारी बाई फोन उचलत नव्हती. आणि माझा ड्रायव्हर सलीमभाई शेवटच्या खेपेला गेला तेव्हा त्यानं तिच्या दारात गोव्याच्या नंबरची गाडी उभी पाहिली होती. मला जे समजायचं ते मी समजलो. चांगला माल गोव्याला आणि गाळ मला. आठ महिने ही गोष्ट मी छातीवर घेऊन फिरलो आणि डिसेंबरात सलीमभाईला टेम्पो काढायला सांगितलं.

घाटाखाली

पुणे, सातारा, कोल्हापूर यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. फोंडा घाट उतरायला लागलो आणि सलीमभाईनं काच खाली केली. “सेठ, हवा गीली हो गई.” खरंच, हवा ओली होते. आमच्याकडं डिसेंबरची हवा ओठ फोडते. इथली गालाला हात लावते.

सहा वर्षांपूर्वी याच घाटानं मी एसटीत दाराजवळच्या सीटवर बसून उतरलो होतो. मांडीवर पिशवी, पिशवीत दोन भाकरी आणि येसराची पुडी. कुठं चूल मिळाली तर आमटी करून खाईन असा विचार. कोणीतरी सांगितलं होतं, की त्या खाडीत बायका शेवाळ लावतात. तेवढ्यावर आलो होतो. त्या वेळी मला एका झाडाचंही नाव येत नव्हतं आणि तरी सगळं माझंच आहे असं वाटत होतं. आता टेम्पो माझा होता, पण तसं काही वाटलं नाही.

घाटाखालच्या खानावळीत बांगड्याचं सार घेतलं. त्यात हिरवट-काळी, टपोऱ्या मिऱ्यासारखी फळं तरंगत होती. मी एक कचकन चावलं. एका मिनिटात जीभ बधिर, ओठ बधिर, डोळ्यांतून पाणी. मालक धावत आला. “अवो, तिरफळ खाऊचा नसता, नुसतो वास घेवचो!” सलीमभाई हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. “सेठ का मुँह पहिली बार बंद हुआ,” तो मालकाला म्हणाला. जीभ ताळ्यावर आल्यावर मी दुसऱ्या बांगड्याचा भाव करायला गेलो. मालक म्हणाला, “भाव काय करतास? भात जास्ती घेवा.” आमच्याकडं भाव केला नाही तर दुकानदाराला चुकल्यासारखं होतं. इथं भाव केला तर माणसाला लागतं. हा फरक मला पहिल्या प्रवासातही कळला होता, आणि पहिल्या प्रवासातही मी तो कानाआड केला होता.

वाडीचं नाव मी लिहिणार नाही. आपला माल कुठून येतो ते धंद्यातला माणूस सांगत नाही. सिंधुदुर्गातली एक खाडी, काठावर वीसेक घरं, माड, आणि उतरत्या कौलांमागं लगेच पाणी, एवढं पुरे.

निर्मलाताईंची पडवी

निर्मलाताई त्या वाडीतल्या चौदा बायकांच्या गटाच्या प्रमुख. पन्नाशीच्या, काटक, बोलायला कमी. त्यांचा नवरा ट्रॉलरवर असतो. माझ्या मालाचा सगळा व्यवहार पहिल्या दिवसापासून त्यांच्याशीच. साताऱ्यापासून मी मनात भांडण जुळवत आलो होतो. टेम्पोतून उतरताच सुरू केलं.

“ताई, शब्द दिला की नाय तुम्ही मला? का नाय दिला?”

“दिललो.”

“मग काय हे? लई मोठी गिऱ्हाइकं आली व्हय गोव्याची?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या बधिर ओठांकडं. “पयली चाय घेवा. मगे भांडा.”

चहा आला. त्यासोबत घावणे आणि नारळाचा रस. मी रागात चार घावणे खाल्ले. ताई पडवीच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या आणि एका शब्दानं स्वतःची बाजू मांडली नाही. आमच्याकडं अशा वेळी माणूस शपथा घेतो, चार शेजारी गोळा करतो, शेवटी दोघं मिळून तिसऱ्याला शिव्या देतात आणि मिटतं. इथं समोरचा गप्प राहिला की भांडायला हाताला काहीच लागत नाही.

“सकाळी सुकती आसा,” शेवटी त्या म्हणाल्या. “पाण्यात चला. बगा. मगे काय ता बोला.”

याच पडवीत सहा वर्षांपूर्वी आमचा सौदा झाला होता. तीन तास मी त्यांच्याशी घासाघीस करत होतो. शेवटी एक अट घातली. “माल जाड पाहिजे. माझ्या करंगळीएवढा. बारीक काड्या आल्या तर पोती परत.” ताईंनी विचारलं होतं, ह्याचं करता काय? मी म्हणालो, ते माझ्यावर सोडा. उकळून अर्क काढतो हे सांगितलं, तर उद्या या स्वतःच उकळतील, नाहीतर दुसऱ्या कोणाला सांगतील, ही माझी भीती. मग दत्ताकाका आले. दत्ताकाका म्हणजे ताईंचे चुलतसासरे, वाडीचे म्हातारे मच्छीमार आणि देवाचे मानकरी. कोकणात मोठं काही ठरलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. काकांनी नारळ ठेवला आणि हात जोडून खणखणीत आवाजात देवाला सांगितलं, की हा लांबचा शेठ आला आहे, त्याला जाड माल द्यायचा शब्द दिला आहे, तो पार पाडून घे. दर वाक्यानंतर बायका एका सुरात म्हणायच्या, “व्हय म्हाराजा!” मी मनात हसलो होतो. वाटलं, स्टॅम्पपेपरचा खर्च वाचला.

सुकतीला

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकतीला, म्हणजे पाणी उतरल्यावर, ताई, दत्ताकाका आणि मी निघालो. मी चपला काठावर ठेवल्या. ताईंनी मागं वळून माझ्या पायांकडं पाहिलं. चार पावलांवर मला कारण कळलं. खडकांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची कड ब्लेडसारखी असते. डाव्या टाचेतून रक्त आलं. काकांनी पिशवीतून जुन्या रबरी सपाता काढून दिल्या. त्यांनी त्या माझ्यासाठीच आणल्या होत्या, फक्त मी मागेपर्यंत थांबले होते.

पाणी गुडघ्याएवढं. पहिल्या प्रवासात इथं उभं राहून मी थक्क झालो होतो. साठ तराफे ओळीनं, प्रत्येकाखाली तांबूस-तपकिरी झुपके, ऊन पडलं की डाळिंबाच्या सालीसारखे चमकणारे. बायका गाणी म्हणत दोर ओढत होत्या. एकीनं ओलं शेवाळ मोडून माझ्या हातात दिलं होतं. ते काकडीसारखं कटकन मोडलं. मला वाटलं होतं, की शेत असावं तर असं. ना नांगरट, ना विहीर, ना लाइट जायची काळजी.

आता ओळ अर्ध्यावर तुटलेली होती. उरलेल्या तराफ्यांचे दोर वर ओढले तर त्यांना सुतासारखे धागे लोंबत होते. मधेच बोटभर पांढरा पट्टा, जणू हाड. काकांनी तिथं चिमटीत धरलं आणि तुकडा गळून पाण्यात पडला.

“पांढरा पडला की संपला,” ते म्हणाले. “पाणी तापता. खाडीत आत पाणी वाहणा नाय. त्यात बियाणा म्हातारा झाला.”

“आणि गोव्याची गाडी?”

“ती मॅडम. समुद्राचा शिकलेली. रोग बगूक इलली.” काकांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मी पाण्यात बघायला लागलो. “तिनं सांगलान, तराफे खाडीच्या तोंडाक न्या, थंय पाणी वाहता. दुपारचो दोर हातभर खाली सोडा. आणि बियाण्याक जाड, कोवळी, जोमदार फांदी ठेवा. बारीक बांधू नकात.”

“मग?”

काकांनी हनुवटीनं पुढं दाखवलं. ताई पुढं चालत होत्या. खाडीच्या तोंडाशी, मॅडमनी सांगितलं तसे, उरल्यासुरल्या जाड फांद्यांचे तीन तराफे वेगळे बांधलेले होते. त्यांनी एकाचा दोर उचलला. तांबडा, भरलेला, करंगळीएवढा जाड झुपका पाण्यातून वर आला आणि त्यातून पाणी निथळत राहिलं.

“ह्या तेवढा ऱ्हवला,” ताई म्हणाल्या.

मी तो झुपका हातात घेतला आणि एकदम आमच्या गावच्या, देवगाव रंगारीच्या, अद्रकीच्या वाफ्यात जाऊन उभा राहिलो.

वडील दिवाळीनंतर वाफ्यांतून फिरायचे. हातात आईच्या फाटक्या लुगड्याच्या चिंध्या. जे झाड सगळ्यांत जोमदार, ज्याच्या बुडाशी माती फुगून फाटलेली, त्याला चिंधी बांधायचे. ते बेणं. काढणीच्या वेळी व्यापारी नेमका त्याच वाफ्यापाशी येऊन उभा राहायचा, जास्त भाव द्यायचा. वडील म्हणायचे, “ते सोडून बोला.” ते कंद आंब्याच्या सावलीत खड्ड्यात, कडुनिंबाच्या पाल्यात झोपवल्यासारखे ठेवायचे. रोज संध्याकाळी खड्ड्यापाशी बसून पाला बाजूला करून बघायचे. मीही शेजारी बसायचो. मातीचा, पाल्याचा आणि अद्रकीचा तो तिखट गारवा मला आजही आठवतो; तसा वास नंतर माझ्या कुठल्याही गोदामात आला नाही.

एका वर्षी वडील तापानं पडले होते. मी एकोणीस वर्षांचा, हुशार. चिंधीवाले कंद मीच व्यापाऱ्याला दिले आणि लहान कंदांचं बेणं ठेवलं. बाजारात असा भाव घेतला, की गावात नाव झालं. पुढच्या वर्षी अद्रक बोटाएवढी झाली आणि निम्मी सडली. वडिलांनी मला विचारलंसुद्धा नाही. फक्त त्या दिवाळीला चिंध्या घेऊन ते वाफ्यात गेले आणि तशाच परत घेऊन आले.

“ताई,” मी म्हणालो, “जाड फांद्या पहिल्यापासूनच का नाय ठेवल्या बेण्याला?”

“जाड तुमका दिललो,” त्या म्हणाल्या. “देवासमोर. उरात ता परत बांधी. दर टायमाक उरात ता बारीक. मगे बारकातला बारीक. शेवटाक तुमका देवक पुरात इतक्या पण जाड ऱ्हवला नाय. फोन घेवन काय सांगतलंय? शब्द मोडलो म्हणान?”

सहा वर्षं मला दिलेला शब्द पाळता पाळता त्यांनी स्वतःचं बेणं संपवलं होतं. आणि शब्द मोडला म्हणून मी सहाशे किलोमीटर भांडत आलो होतो.

त्या दिवशी जेवणाला काय होतं आठवत नाही. सलीमभाई सांगतो, की सुरमई होती आणि आमच्याकडच्या मटणाच्या नानखलियाच्या तोडीची होती. मी पडवीत बसून नुसता विचार करत होतो. त्या तीन तराफ्यांत मिळून माझ्या गरजेचा पावहिस्साही माल नव्हता. पण तेवढा जरी उचलला तरी चार-पाच मोठ्या बागाइतदारांचं तोंड बंद झालं असतं. खोटं कशाला लिहू, मी संध्याकाळपर्यंत तो हिशोब सोडला नव्हता.

तिसरा दिवस

सकाळी जाग आली तेव्हा पडवी रिकामी होती. सलीमभाई टेम्पोची काच पुसत होता. “सब औरतां पानी में गए सेठ. चाकू ले के. अपना माल काट रहे.”

मी सपाता न घालता पळालो. लांबूनच दिसलं. तीन तराफ्यांभोवती सगळ्या बायका, टोपल्या मांडलेल्या. ताईंच्या हातात कोयती. पहिला दोर त्यांनी वर घेतला होता.

“ओ ताई! थांबा! थांबा म्हणतो ना!”

माझा आवाज मुळात मोठा. त्यात राग आला की मला सौम्य बोलता येत नाही. बायकांना वाटलं, मी मालावरून भांडायला आलो आहे. एक म्हणाली, “इलो बग शेठ. आता मापता तुजी करंगळी.” सगळ्या फिसफिसल्या. मी पाण्यात शिरलो, शेवाळलेल्या खडकावर पाय सरकला आणि कपड्यांसकट आडवा झालो. नाकातोंडात खारं पाणी. काकांनी बकोटीला धरून उभं केलं.

“कापू नका,” मी म्हणालो. “एक काडी कापू नका. हे बेणं आहे.”

“तुमच्या वाटणीचा तां,” ताई म्हणाल्या. “शब्द पुरो जावचो. मगे बंद करतलंव आमी. सगळा.”

म्हणजे त्यांनी ठरवून टाकलं होतं. शेवटचा जाड माल मला देऊन देवासमोरचा शब्द फेडायचा आणि लागवड कायमची बंद करायची. चौदा घरांची चूल ज्यावर चालत होती, ते माझ्या टेम्पोत घालून.

“मला जाड नको,” मी म्हणालो.

“नको?” ताईंची कोयती तशीच राहिली. “सा वर्सां करंगळी दाखवलास. आता नको? शेठ, एक सांगा. तुमी ह्याचा करतास काय?”

सहा वर्षांपूर्वी टाळलेला प्रश्न. गुडघाभर पाण्यात, टाचेतून रक्त वाहत, चौदा बायका आणि एक म्हातारा समोर. आता लपवण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

“उकळतो,” मी म्हणालो. “उकळून, गाळून त्याचं पाणी विकतो.”

“पाणी?”

“व्हय. पिकावर फवारायला.”

ताईंनी हातातला झुपका पाहिला. मग मला विचारलं, आणि आवाज अजिबात चढवला नाही: “मगे जाड कित्या?”

 उकळल्यावर जाड काय आणि बारीक काय, सगळ्याचा एकच काढा. बारीक पण निरोगी मालही मला तितकाच चालला असता. जाड मागितलं, कारण अद्रकीच्या बाजारात मी तेच शिकलो होतो. हातात धरल्यावर भरीव लागेल ते आपलं, उरेल ते समोरच्याचं. तिथं उभं राहून तेवढंच सांगता आलं. “सवय,” मी म्हणालो. “बाजारची सवय.”

 मग दत्ताकाका हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला लागला, एका बाईनं त्यांची पाठ चोळली, आणि मग ती पण हसायला लागली. “पाणी करता गो! करंगळीचा पाणी करता!” सगळ्या बायका एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून हसत होत्या. फक्त निर्मलाताई हसल्या नाहीत. त्यांनी झुपका परत पाण्यात सोडला, दोर नीट ताणला आणि काठाकडं चालू लागल्या.

देवासमोर दिलेला शब्द असा पाण्यात उभं राहून बदलत नाही, हे काकांनी मला सांगितलं. नवीन गाऱ्हाणं लागेल आणि मला समोर उभं राहावं लागेल. मी ओल्या कपड्यांनीच उभा राहिलो. या वेळी मनात हसायची हिंमत नव्हती.

“बा देवा म्हाराजा! सा वर्सांपयली तुज्यासमोर एक शब्द झाल्लो!”

“व्हय म्हाराजा!”

“देणाऱ्यान तो पाळलो!”

“व्हय म्हाराजा!”

“घेणाऱ्यान तो कित्या घेतल्यान, ता काय सांगूक नाय!”

“व्हय म्हाराजा!” हे सगळ्यांत जोरात झालं. मागं सलीमभाईचाही आवाज होता.

“आता पुढं जाड ता बियाण्याक, बारीक ता शेठाक! दोघांकय बरी बुद्दी दी, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” मीही म्हणालो.

दुपारनंतर आम्ही बांधायला बसलो. तिन्ही तराफ्यांवरची कोवळी, जोमदार टोकं ताईंनी धारदार सुरीनं कापून दिली. बुडं तशीच दोरावर ठेवली. प्रत्येक तुकड्याला पुढं फुटायला दोन-तीन तरी फांद्या हव्यात. मी तुकडे निवडायला लागलो आणि माझ्या बोटांना काही शिकवावं लागलं नाही. अद्रकीच्या कंदाचे डोळे बघून तुकडे करतात, तेच हे. एक तुकडा मी बाजूला टाकला, बुडाशी फिकट होता. ताईंनी तो उचलून उन्हाकडं धरला, पाहिला आणि परत टाकून दिला. त्या दिवसात तेवढंच एक त्यांचं माझं एकमत झालं. बायकांनी दोराची गाठ शिकवली: घट्ट पाहिजे पण गळा दाबला जाऊ नये. माझ्या पहिल्या वीस गाठी त्यांनी सोडून परत बांधल्या. संध्याकाळी नवे तराफे होडीनं खाडीच्या तोंडाशी नेऊन वाहत्या पाण्यात सोडले, तेव्हा पाणी तांबूस झालं होतं. कितीतरी वर्षांनी मी दिवसभर काम केलं होतं आणि एकदाही घड्याळ पाहिलं नव्हतं.

निघताना सलीमभाईनं सुकट घेतली, दोन पिशव्या. टेम्पोच्या मागच्या भागात त्याशिवाय काही नव्हतं. मी ताईंना म्हणालो, “ताई, येतो. राग धरू नका.” त्या म्हणाल्या, “राग नाय. पण आमी एकदा येतलंव. तुमी उकळतास ता बगूक.” मी या म्हणालो. पूर्वीचा मी असतो तर पत्ता चुकीचा दिला असता.

परतल्यावर

परत आल्यावर सगळ्यांत अवघड प्रवास पैठणच्या रस्त्यावरचा होता. एकेका मळ्यात गेलो आणि सांगितलं, की यंदा अर्क नाही. माल चांगला नव्हता ती चूक दुसऱ्या कोणाची नव्हती, माझी होती. दोघांनी तोंडावर दुसऱ्याचे कॅन दाखवले. एका म्हाताऱ्यानं मोसंबी सोलून दिली आणि विचारलं, “तोंड दाखवणार नाय म्हणला होता ना?” मी म्हणालो, “म्हणलो होतो. तरी आलो.” तो म्हणाला, “बरं केलं,” आणि पुढची मोसंबी सोलायला घेतली.

अर्क काढायचं मशीन बंद आहे. त्यावर कामाला असलेली दोन पोरं शेंद्र्याच्या कारखान्यात लागली. मी सध्या दुसऱ्यांची खतं विकतो आणि संध्याकाळी बसून त्या खाडीची आठवण काढतो. आपलं काही नसताना एखादी जागा आपली वाटावी, असं मला देवगाव सोडल्यावर तिथंच पहिल्यांदा झालं होतं.

परवा दुपारी निर्मलाताईंचा फोन आला. त्या आपणहून फोन करतात असं या सहा वर्षांत कधी झालं नव्हतं.

“तिनाचे आठ झाले,” त्या म्हणाल्या. “जाड. पांढरा खंयच नाय.”

 माझ्या तोंडातून पहिलं निघालं ते असं: “मग बारीक किती निघंल?”

“बारीक नाय, जाड नाय. सगळा परत बांधतलंव. साठ होवपर्यंत. तुमका अजून एक वर्स काय्येक गावचा नाय.”

वर्ष म्हणजे पुढचा आंबे बहारही गेला. मी खुर्चीत सरळ झालो. जीभ आपोआप तयार झाली होती. निम्मे तराफे झाले की थोडं थोडं चालू करा, सहा महिने धरा, सहा नाही तर आठ.  पलीकडून पाण्याचा आवाज येत होता आणि कोणीतरी बाई दोर ओढताना हाक मारत होती.

“बरं,” मी म्हणालो. “वर्ष.”